ललिता पवार थपडेतून जन्मल्या नाहीत

'एका थपडेने घडवलेली अभिनेत्री' अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. ललिता पवारांवरचा. मला तो आधीही आला होता आणि अशा मजकुराचं जे करायचं तेच मी केलं होतं, म्हणजे काहीच नाही. पण परवा तो आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली माझ्या भाचीला उद्देशून लिहिलं, "बघ बाळा, डोळ्याचं मनाला लावून घ्यायचं नाही. यांचा डोळा गेला म्हणून तर त्या एवढ्या मोठ्या झाल्या." भाची चौदा वर्षांची आहे, तिचा एक डोळा लहानपणापासून तिरळा आहे आणि त्याबद्दल तिने ग्रुपवर कुणाचाही सल्ला मागितला नव्हता. काकांच्या मेसेजखाली धडाधड जोडलेले हात उमटले. ती काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली.

काकांचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य. मजकूर मात्र वाईट आहे, आणि वर खोटाही आहे.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. येवल्याची अंबा नावाची मुलगी दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधून पडद्यावर आली. दिसायला देखणी, पण अभिनयाची बोंब, त्यामुळे नुसती शोभेची नायिका. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये भगवानदादा या नवख्या नटाने घाबरून जरा जास्तच जोरात थप्पड मारली. चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली, तीन वर्षं बाई अंथरुणाला खिळल्या. परत आल्या तर डोळा बारीक झालेला. नायिकेची कामं गेली, पण 'नियतीची कमाल बघा', त्याच डोळ्यामुळे दुष्ट बायकांची कामं मिळू लागली, आयुष्यभर फक्त खाष्ट सासू आणि मंथरा करून त्या अजरामर झाल्या. सातशे चित्रपट. आणि शेवटी पुण्याच्या बंगल्यात एकट्या गेल्या, दोन दिवस कुणाला पत्ता नाही, 'पडद्यावर केलेल्या पापांची परतफेड'. तात्पर्य: आयुष्याने थप्पड मारली तर देवाचे आभार माना.

पहिला मुद्दा फार वेळ खाणार नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा. म्हणजे जन्माआधी तीन वर्षं त्या पडद्यावर होत्या. शिवाय फाळक्यांना त्या चित्रपटात काम करायला एकही बाई मिळाली नव्हती, तारामतीचं काम अण्णा साळुंके या गृहस्थांनी केलं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. ललिताबाई लहानपणी ज्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दिसल्या तो १९२८ चा मूकपट. नाव तेच, चित्रपट वेगळा. त्या काळी हरिश्चंद्र दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी काढायचंच.

आता 'अभिनयाची बोंब, शोभेची नायिका'. हे वाक्य लिहिणाऱ्याने अपघाताआधीचं त्यांचं एकही काम पाहिलेलं नाही, नुसती यादीही वाचलेली नाही. १९३२ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी 'कैलाश' या मूकपटात काम तर केलंच, त्याच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. सोळाव्या वर्षी. पुढे १९३८ मध्ये 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला, तोही टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' कादंबरीवरून. तीस सालानंतर बोलपट आले तेव्हा मूकपटांतल्या कितीतरी नायिका गाता येईना, नीट बोलता येईना म्हणून घरी बसल्या. ललिताबाई त्या वळणावरून सहज पार झाल्या, 'हिम्मत-ए-मर्दा'मध्ये गायल्याही. भालजी पेंढारकरांनी त्यांना १९३९ च्या 'नेताजी पालकर'मध्ये घेतलं. मास्टर विनायकांनी १९४१ च्या 'अमृत'मध्ये घेतलं, आणि त्याची कथा वि. स. खांडेकरांची. भालजी आणि विनायक या दोघांनाही शोभेच्या बाहुल्या गोळा करायचा छंद होता असं कुणी म्हणत असेल तर त्याने ते कोल्हापुरात जाऊन मोठ्याने म्हणून दाखवावं.

थपडेकडे येऊ.

थप्पड खरी. हे मला कबूल करावंच लागेल, आणि मजकुरातला हाच एक धागा खरा असल्यामुळे बाकीचं सगळं त्याला लोंबकळत पुढे जातं. 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर मास्टर भगवान, म्हणजेच भगवानदादा, यांनी मारलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लकव्याने गेली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. ते पडद्यावर दिसतंच, लपवायचं काही नाही.

पण 'नवखा नट' कुठून आला? भगवान आबाजी पालव मूकपटांच्या शेवटच्या दिवसांपासून या धंद्यात होते. १९३८ सालच्या 'बहादूर किसान'चं दिग्दर्शन त्यांनी चंद्रराव कदम यांच्याबरोबर केलं होतं. १९४२ साली ते मारामारीच्या चित्रपटांत चांगले मुरलेले होते. त्यांचा गाजलेला 'अलबेला' १९५१ चा आहे म्हणून त्याआधी ते कुणीच नव्हते, असा सोपा हिशेब लोकांनी केलेला दिसतो. नवखा म्हटलं की गोष्ट गोड होते हो. बिचारा घाबरला, हात जरा जोरात पडला, आणि त्यातून नियतीने बाईंचं भलं केलं. अनुभवी माणसाच्या हातून कामाच्या जागी अपघात झाला आणि एका बाईचा अर्धा चेहरा गेला, असं लिहिलं तर खाली हात कोण जोडणार? गिरणीत मशीनमध्ये कामगाराचं बोट गेलं, तर त्याला आपण 'मशीनने घडवलेला कामगार' म्हणतो का?

पुढे 'तीन वर्षं अंथरुणाला खिळून'. इथे मी एकच साक्षीदार उभा करते, कारण तो एकटा पुरेसा आहे: पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री'. साल १९४४.

'रामशास्त्री' म्हणजे काही कोपऱ्यात पडलेला चित्रपट नव्हे. शांतारामबापू प्रभात सोडून गेल्यानंतर कंपनीत अजून दम आहे हे ज्या चित्रपटाने दाखवलं तो हा. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत काढलेला. गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे, आणि ललिता पवार आनंदीबाई. 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई! राघोबादादाची बायको, नारायणराव पेशव्याच्या खुनामागे जिचं नाव मराठी माणूस अडीचशे वर्षं घेतोय ती. सगळा चित्रपट ज्या खुनाच्या न्यायाकडे जातो, त्या खुनाची दोरी या बाईच्या हातात आहे. असली भूमिका प्रभातवाले पुण्यात अंथरुणावर पडलेल्या बाईला देणार?

आता साधी बेरीज करा. थप्पड १९४२ ची. तिच्यात तीन मिळवले तर १९४५. चित्रपट १९४४ ला लोकांसमोर आला, म्हणजे शूटिंग त्याच्या आधीचं. उपचार तीन वर्षं चालले असतील, ते मी नाकारत नाही. लकवा काही महिन्यांत जाईलच असं नसतं, आणि त्यांच्या डोळ्याचं दुखणं तर जन्माला पुरलं. पण बाई घरी बसून नव्हत्या. औषधपाणी चालू असताना, चेहऱ्याची एक बाजू अजून पुरती साथ देत नसताना, त्यांनी मराठी चित्रपटातली एक सगळ्यात अवघड खलनायिका उभी केली. फॉरवर्डवाल्याला रडवायचंच होतं तर हे जास्त उपयोगी पडलं असतं. पण त्यासाठी चित्रपट बघावा लागतो.

आता ज्या वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. 'त्याच डोळ्यामुळे दुष्ट बायकांची कामं मिळाली, आणि आयुष्यभर फक्त खाष्ट सासू केली.'

यात अर्धं खरं आहे, तेवढं आधी देऊन टाकते. डोळ्याचा वापर झाला. दिग्दर्शकांनी केला, कॅमेऱ्याने केला आणि बाईंनी स्वतः सगळ्यांपेक्षा हुशारीने केला. १९५० च्या 'दहेज'मध्ये शांतारामबापूंनी त्यांना हुंड्यासाठी सुनेचा जीव नकोसा करणारी सासू केलं, तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर सासूचं काम आलं की निर्मात्यांना त्यांचंच नाव आधी आठवायचं, हेही खरं. घरोघरी कजाग बाईला 'अगदी ललिता पवार आहे हो' म्हणतात, ते उगाच नाही.

पण नायिकेच्या जागेवरून त्या उतरल्या त्या डोळ्यामुळेच, हे कसं ठरवलं? शेजारी लीला चिटणीस बघा. त्यांना कुणी थप्पड मारली नाही, दोन्ही डोळे शाबूत. १९३९ चा 'कंगन', १९४० चा 'बंधन', १९४१ चा 'झूला', तिन्ही बॉम्बे टॉकीजचे, तिन्हींत अशोककुमारांच्या नायिका. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका म्हणून त्यांचं नाव घेतात. आणि १९४८ च्या 'शहीद'मध्ये? दिलीपकुमारची आई. १९५१ च्या 'आवारा'मध्ये राज कपूरची आई. 'झूला' ते 'शहीद' मध्ये सात वर्षं. म्हणजे तिशी ओलांडली की नायिकेला आई करून टाकायची हा धंद्याचाच रिवाज होता, आणि तो कुणाच्या डोळ्याकडे बघून लागू होत नव्हता. त्यात काळही नेमका तो. प्रभात, बॉम्बे टॉकीज, न्यू थिएटर्स या कंपन्यांमध्ये नट-नटी महिन्याच्या पगारावर असायचे, कंपनी देईल ते काम करायचे. युद्धाच्या सुमारास हा डोलारा कोसळत गेला, सुटे निर्माते आले, त्यांच्याकडे पैसा होता आणि तो नायक-नायिकेवर उधळला जायचा. बाकीच्यांनी एकेका चित्रपटाचं काम धरून पोट भरायचं. कंपनीच्या पगारावर वाढलेले किती तरी कलावंत या बदलात दिसेनासे झाले. ललिताबाई टिकल्या. एका डोळ्याच्या जोरावर चार दशकं कुणी टिकत नाही.

आणि 'फक्त' खाष्ट सासू?

काका, 'श्री ४२०' तुम्ही किती वेळा पाहिलाय ते मला सांगू नका, घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यातली केळेवाली कोण आहे? मुंबईत नुकताच उतरलेला, खिशात दमडी नसलेला राज कपूर जिच्याशी केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालतो, ती गंगामाई. ते दृश्य पुन्हा लावा आणि आवाज बंद करून फक्त बाईंचा चेहरा बघा. आधी गिऱ्हाइकाशी बोलतानाची टरेबाजी. मग पोरगा उपाशी आहे हे लक्षात येतं आणि चेहरा मवाळ होतो, पण तोंडाचा पट्टा थांबत नाही, कारण फुटपाथवर धंदा करणाऱ्या बाईला मवाळपणा उघड दाखवणं परवडत नाही. तोच डावा डोळा, तितकाच बारीक. 'दहेज'मध्ये तो डोळा सुनेच्या अंगावरचे दागिने मोजत असतो. इथे तोच डोळा मिश्कील आहे, आईचा आहे. डोळा तोच, आणि त्यातून दोन परस्परविरुद्ध बायका. मग काम करतंय कोण? डोळा की बाई?

त्याच वर्षी, १९५५ मध्येच, गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या मधुबालाची आत्या आहेत, सीतादेवी. शिकलेली, सभा गाजवणारी, पुरुषांच्या नावाने बोटं मोडणारी. भाचीला वारसा मिळावा म्हणून लग्नाची अट असते, तर भाड्याचा नवरा आणून ती अट पुरी करणारी. (त्या चित्रपटात बायकांच्या हक्कांची जी टिंगल केली आहे ती मला तेव्हाही आवडली नव्हती, आताही आवडत नाही. पण लेखकाने हास्यास्पद लिहून ठेवलेल्या बाईला त्यांनी डोकं आणि ताठ मान दिली, हे बघण्यासारखं आहे.) एकाच वर्षात फुटपाथवरची केळेवाली आणि बंगल्यातली सीतादेवी. दोघींची चाल वेगळी, पदर सावरायची पद्धत वेगळी, बोलताना श्वास घ्यायची जागासुद्धा वेगळी.

१९५२ च्या 'दाग'मध्ये दारूत बुडालेल्या दिलीपकुमारची गरीब, सोशिक आई. दिलीपकुमार त्यांच्याहून फक्त सहा वर्षांनी लहान! १९५९ च्या 'सुजाता'मध्ये शिवाशिव पाळणारी बुआजी. ती दुष्ट नाही, आपल्या आजीसारखी आहे आणि म्हणूनच तिची जास्त भीती वाटते. १९६१ च्या 'जंगली'त घरात हसायला बंदी करणारी आई, ज्या बंदीतून शम्मी कपूर अखेर 'याहू' ओरडत बाहेर पडतो. १९६२ च्या 'प्रोफेसर'मध्ये तर काय बहार आहे. शम्मी कपूर म्हाताऱ्या प्राध्यापकाचं सोंग घेऊन घरात शिकवायला येतो आणि कडक शिस्तीची ही बाई त्या म्हाताऱ्याच्या चक्क प्रेमात पडते. प्रौढ बाईचं प्रेमात पडणं हिंदी चित्रपटात नेहमी थट्टेचाच विषय, इथेही थट्टा आहेच. पण पडद्यावर लाजणाऱ्या त्या बाईला बघून हसता हसता मध्येच हसू थांबतं, बिचारीला शेवटी खरं कळणार तेव्हा काय होईल असं वाटून जातं. हे लेखकाने लिहिलेलं नव्हतं. ते बाईंनी घातलेलं.

आणि 'अनाडी'. १९५९. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. भाडं थकवणाऱ्या राज कपूरवर दिवसभर तोंडसुख घेणारी आणि त्याच्या पोटाची काळजी करणारी ख्रिस्ती घरमालकीण, मिसेस डिसा. बडबड एवढी की खोलीत दुसऱ्या कुणाला बोलायला जागा नाही. ती मरते ती सदोष औषधाने, आणि तेही राज ज्यांच्याकडे नोकरी करतो त्यांच्याच कंपनीच्या. तिच्या मरणाने सगळा चित्रपट फिरतो, कारण तोवर प्रेक्षकाला ती आपली वाटायला लागलेली असते. सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर त्यांना मिळालं ते याच भूमिकेसाठी. फॉरवर्डवाल्यांनी नीट वाचावं: सासूसाठी नाही, मंथरेसाठी नाही. जीव लावणाऱ्या घरमालकिणीसाठी. हृषीदांना ती बाई इतकी आवडली असावी की १९७१ च्या 'आनंद'मध्ये त्यांनी ललिताबाईंना पुन्हा घेतलं, दवाखान्यातली मेट्रन केलं आणि आडनाव तेच ठेवलं, डिसा. वरून करडी आणि आतून पाझरणारी. अर्धा महाराष्ट्र 'आनंद' बघून रडलाय. त्यात मेट्रनकडे बघून 'खलनायिका' कुणाला आठवली असेल, तर हात वर करा.

मंथरेबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथेही फॉरवर्ड घोळ घालतो. 'मंथरेने अजरामर केलं' म्हणे. रामानंद सागरांच्या मालिकेतली मंथरा १९८७ ची, बाई तेव्हा सत्तरीला आलेल्या. म्हणजे त्याआधी जवळजवळ साठ वर्षांची कारकीर्द झालेली होती. आणि ती त्यांची पहिली मंथराही नव्हती, १९६१ च्या बाबूभाई मिस्त्रींच्या 'संपूर्ण रामायण'मध्ये त्यांनी तीच भूमिका केली होती. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६१ सालीच मिळालेला आहे. रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या मालिकेमुळे नव्या पिढीला त्या माहीत झाल्या, एवढंच म्हणता येईल. तरी ती मंथराही नुसती दुष्ट नाही बरं. पद्मा खन्नांच्या कैकेयीच्या महालात ती बोलते ते ऐका. आवाज चढवत नाही. आपल्या हातावर वाढवलेल्या पोरीचं वाटोळं होणार म्हणून कळवळलेली म्हातारी दाई जशी बोलेल तशी बोलते, आणि म्हणूनच कैकेयी फसते. खलनायिका आहे असं ओरडून सांगणारी मंथरा कुणाला फसवू शकेल?

एवढं सगळं असताना 'त्या डोळ्यामुळे मोठ्या झाल्या' म्हणायचं, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. डोळा अधू झाल्यावर त्या मोठ्या झाल्या, खरं आहे. त्याआधी त्या लहान नव्हत्या आणि त्यानंतर डोळ्याने काही अभिनय केला नाही. त्यांनी जे केलं ते अधू डोळ्यासकट केलं.

आणि हे वाक्य तिरळ्या डोळ्याच्या पोरीला उद्देशून फेकायचं म्हणजे कमाल आहे. एक तर ललिताबाईंचा डोळा तिरळा नव्हताच, तो मार लागून आणि लकव्याने अधू झाला होता. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही. दुसरं, मुलांच्या तिरळेपणावर वेळेत उपचार करायचे असतात, कारण तिरळ्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू हळूहळू बाजूला टाकायला लागतो आणि त्या डोळ्याची नजर मंदावत जाते. चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी, गरज पडली तर शस्त्रक्रिया, हे जितक्या लहानपणी होईल तितका फायदा. आमच्या भाचीचं हे सगळं झालंय, नजर चांगली आहे, डोळा किंचित वळतो एवढंच. पण त्या ग्रुपवर अजून लहान मुलं असलेल्या तीन सुना आहेत. 'देवाने दिलेला डोळा आहे, त्यातच तिचं भाग्य असेल' असं म्हणून कुणी डॉक्टरकडे जायचं लांबवलं, तर ते या हात जोडणाऱ्यांपैकी कोण निस्तरणार? तीच गोष्ट चेहऱ्याच्या लकव्याची. तोंड अचानक वाकडं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. नियतीची कमाल नंतर बघता येते.

'पापांची परतफेड' या वाक्यावर मला फार शब्द खर्चायचे नाहीत, इतकं ते हलकट आहे. ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधच्या बंगल्यात गेल्या. यजमान त्या वेळी घशाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होते. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे कळायला उशीर झाला. ब्याऐंशी पुरी व्हायला आलेल्या बाईच्या बाबतीत घडलेली ही दुःखाची गोष्ट आहे, यात न्याय कसला आणि परतफेड कसली? आनंदीबाईचं काम चांगलं केलं म्हणून पाप लागत असेल, तर निळू फुल्यांचं काय करायचं? ते प्रत्यक्षात किती सज्जन होते हे सांगताना तर आपलं तोंड दुखत नाही. पुरुषाने खलनायक केला की 'काय अभिनय!', आणि बाईने केला की तिच्या मरणातसुद्धा कर्माचा हिशेब.

सातशे चित्रपटांच्या आकड्यावर मी वाद घालत नाही, सगळीकडे तोच छापतात. पाचशे असले तरी बाई कमी होत नाहीत आणि नऊशे असले तरी फॉरवर्ड खरा ठरत नाही.

एक राहिलं. मजकुरावर जो काळा-पांढरा फोटो लावलाय, पांढरी साडी, डोळ्यांत पाणी, खाली 'विनम्र अभिवादन', तो 'हम दोनों'मधला आहे. त्या चित्रपटात ललिताबाई आहेत, मेजरच्या आईच्या भूमिकेत. पण फोटोतल्या बाई त्या नाहीत. त्या लीला चिटणीस आहेत. मी काकांना कळवलंय. काकांनी अंगठा पाठवला, फॉरवर्ड अजून ग्रुपवर तसाच आहे.